हलू नका!

मुंबईचा माणूस वर्षातले दहा महिने घामाने निथळतो. तोच रविवारी अंधारात उठून विरार लोकल पकडतो, पुढे एसटीत तासभर हाडं खिळखिळी करून घेतो आणि वज्रेश्वरीला जाऊन गरम झऱ्यांच्या कुंडात, कढत पाण्यात बसतो. मीही त्याच जातीचा, त्यामुळे या प्रकाराला वेडेपणा म्हणायचा हक्क मला नाही. पण तो रीतीने तरी करावा.

आधी ज्वालामुखीचा विषय मिटवू. कुंडात गळ्यापर्यंत बुडालेले एक काका 'खाली ज्वालामुखी आहे' असं सांगत असतातच. नाही हो! इथला लाव्हा थंडावूनच साडेसहा कोटी वर्षं झाली. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून खोल उतरतं. खाली दर किलोमीटरला उष्णता साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. तिथे तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, मग महाडजवळचं सव, दापोलीकडचं उन्हवरे, तुरळ, राजापूरचं उन्हाळे अशी ही रांग किनाऱ्याला जवळपास समांतर जाते.

आता खरी परीक्षा. घरी पाणी कढत निघालं तर विसण घालता येतं. इथे विसणाची सोय नाही. झऱ्याच्या तोंडाशी सर्वांत जास्त चटका, तिथून पाणी पुढे वाहत जाईल तसं निवतं. म्हणून सगळी कुंडं आधी कोपराने तपासावीत. हाताच्या तळव्यावर विसंबू नये, चहाचे ग्लास धरून तो निबर झालेला असतो. चाळीस अंशांच्या आसपास सुख असतं. त्रेचाळीसच्या वर गेलं की पायाची बोटं आपल्याशी बोलणं सोडतात.

काठावर बसून पावलं सोडा, मिनिटभराने पोटऱ्या, मग कंबर. आणि बसलात की हलू नका! स्थिर बसलं की कातडीला लागून किंचित निवलेल्या पाण्याचा पातळ थर राहतो. हललात की तो मोडतो आणि ताजं कढत पाणी अंगाला भिडतं. काकांच्या चेहऱ्यावरची समाधी अध्यात्मिक नाही, ती या थराची राखण आहे. अशा वेळी कुणाचा तरी बंड्या धाडकन उडी मारतो. सगळ्यांचे थर एकदम मोडतात आणि देवळाच्या आवारात ऐकू येऊ नयेत असे शब्द ऐकू येतात.

दहा मिनिटं पुरे. उष्णतेने रक्तवाहिन्या सैलावतात, ताडकन उठलं की रक्तदाब पडतो आणि डोळ्यांपुढे काजवे. काठावर बसा, पाणी प्या, मग उभे राहा. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी पाय बुडवून समाधान मानावं. डोकं बुडवू नये, नाकात पाणी जाऊ देऊ नये. कोमट गोड्या पाण्यात राहणारा एक अमीबा त्या वाटेने मेंदूत शिरतो. प्रकार अतिदुर्मीळ, पण 'तीन डुबक्या मार' म्हणणाऱ्या मावशींना तो ठाऊक नसतो. उघडी जखम असेल तर उतरूच नये. 'इथल्या पाण्याने खरूज जाते' हे ऐकून कोण कोण आधी बसून गेलंय, याचाही विचार करावा.

वज्रेश्वरीचं देऊळ उंचावर. १७३९च्या वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस बोलला होता, असं सांगतात. शास्त्र म्हणतं आधी आंघोळ, मग दर्शन. गुडघे म्हणतात आधी पायऱ्या. मी गुडघ्यांच्या बाजूने.

जोडवी, पैंजण, चांदीची साखळी घरीच ठेवा, गंधकाने काळी पडतात. साबण लावू नका, पुढच्याला त्याच पाण्यात बसायचं असतं. पावसाळ्यात तानसा नदी फुगली की काठची कुंडं तिच्या पोटात जातात, म्हणून जायचं ते थंडीत, तेही कामाच्या वारी, सकाळी लवकर. ओला पंचा दोन पिशव्यांत घट्ट बांधा, गंधकाचा वास दमदार असतो. अर्थात परतीच्या लोकलला गर्दी असेल तर एकच पिशवी वापरा. चौथी सीट मागावी लागत नाही.