पेटकरांनी धडधाकट लोकांना हरवलं नव्हतं, आणि ते म्युनिक ऑलिंपिकही नव्हतं

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी मुरलीकांत पेटकरांवरचा तो फॉरवर्ड टाकला, तुमच्याकडेही आला असेल. त्यात म्हटलंय, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पेटकरांनी पोहण्यात गोल्ड मिळवलं, बिंद्राच्या ३६ वर्षं आधी, पण ते दाबून ठेवलं. युद्धात दोन्ही पाय गेलेले, तरी कुणाची मदत न घेता नुसत्या जिद्दीवर धडधाकट परदेशी पोहणाऱ्यांना हरवलं. आणि शेवटी गरिबीत, कुणाला न कळता गेले. इथपर्यंत मी गप्प बसले असते. पण खाली काकांनी माझ्या धाकट्या भावाला टॅग करून लिहिलं, बघ, यांना कुठे रॅम्प होता?

भावाला तीन वर्षांपूर्वी बाइक अपघातात मणक्याला मार बसला. फिजिओने सांगितलं म्हणून पोहायला लागला आणि ज्या तलावावर जातो तिथे नुसत्या पायऱ्या, दोघांनी उचलून पाण्यात सोडावं लागतं. त्याने मेसेज वाचला, काही बोलला नाही, दुसऱ्या दिवशी पोहायला गेला नाही. म्हणून हे लिहितेय.

आधी म्युनिकचं संपवते. ते गोल्ड पॅरालिंपिकचं, म्हणजे अपंग खेळाडूंच्या ऑलिंपिकचं आहे. स्पर्धा झाली जर्मनीतल्याच हायडेलबर्ग शहरात, ऑगस्टच्या सुरुवातीला, म्युनिक ऑलिंपिक सुरू झालं २६ ऑगस्टला. आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक कमिटीच्या साइटवर १९७२ चे निकाल आहेत, कुणीही उघडून बघा, पेटकरांचं नाव ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये, त्यांच्या क्लासमध्ये पहिलं आहे. वेळ ३७.३३ सेकंद, तेव्हाचा वर्ल्ड रेकॉर्ड. आणि म्युनिक ऑलिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल हा प्रकारच नव्हता, तो आला १९८८ ला सोलमध्ये. जी रेस झालीच नाही तिचं गोल्ड कुठून येणार?

आता धडधाकट लोकांना हरवलं हे वाक्य. माझा सगळा राग याच्यावर आहे. हायडेलबर्गला मुख्य स्पर्धेत उतरलेले खेळाडू मणक्याच्या दुखापतीचे, व्हीलचेअरवरचे होते, आणि त्यातही दुखापत मणक्यात किती वर आहे त्यावरून क्लास पाडलेले. का पाडतात? कारण पायात ताकद नसली की किक नाही, कंबर खाली जाते, पाय मागे ओझ्यासारखे ओढले जातात आणि सगळं काम खांदे नि दंड करतात. पोटाचे स्नायू चालतात का नाही एवढ्यानेही रेस बदलते. आजही शारीरिक अपंगत्वासाठी एस १ ते एस १० असे क्लास आहेत ते यासाठीच. म्हणजे पेटकर जिंकले ते नियमाने बरोबरीच्या केलेल्या स्पर्धेत, जगातल्या त्यांच्यासारख्याच तगड्या माणसांशी लढून. ते कमी पडतंय का तुम्हाला? कमी पडतंय म्हणूनच धडधाकट लोक आणून उभे केलेत ना?

कुणाची मदत नाही हेही साफ खोटं. १९६५ च्या युद्धात सियालकोट सेक्टरला गोळ्या लागल्या, एक मणक्यात राहिली (पाय कापलेले नाहीत, तेही चुकीचं). मुंबईच्या आयएनएस अश्विनी हॉस्पिटलमध्ये उपचार झाले आणि पोहणं सुरू झालं ते उपचार म्हणून. मूळचे ते आर्मीतले बॉक्सर. पुढे पुण्यात टेल्कोत (म्हणजे आताची टाटा मोटर्स) नोकरी मिळाली, परदेशी जायला क्रिकेटर विजय मर्चंट यांच्या संस्थेने मदत केली. हॉस्पिटल, नोकरी, तिकिटाचे पैसे, हे सगळं होतं म्हणून इस्लामपूरजवळच्या पेठचा हा माणूस हायडेलबर्गला पोचला. जिद्द होतीच, कोण नाही म्हणतंय, पण जिद्दीने विमानाचं तिकीट निघत नाही आणि माझ्या भावाच्या व्हीलचेअरला पायऱ्या उतरता येत नाहीत.

दुर्लक्ष झालं हे मात्र मान्य करावं लागतं. भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं गोल्ड, दुसरं यायला २००४ उजाडलं, देवेंद्र झाझरियाचं. आणि पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी! आमच्या शाळेच्या पुस्तकात खाशाबा जाधव होते, पेटकर नव्हते. तेवढं फॉरवर्डवाल्याचं बरोबर.

गरिबीत गेले वगैरे तर वाचवतच नाही. जानेवारी २०२५ मध्ये ऐंशीव्या वर्षी कुबडीच्या आधाराने चालत जाऊन त्यांनी राष्ट्रपतींच्या हातून अर्जुन पुरस्कार घेतला, व्हिडिओ आहे त्याचा.

काका, तो मेसेज ग्रुपवरून काढा आणि त्याला एक फोन करा. आणि शनिवारी सकाळी सातला तलावावर या, बाबांची पाठ धरलीय, त्याला उचलायला एक माणूस कमी पडतोय.