स्ट्रॉबेरी खाऊन कुणाचीही गुणसूत्रं दुप्पट होत नाहीत

‘मोठी स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी ही कोल्चिसिन नावाचं विष घालून गुणसूत्रं दुप्पट केलेली फळं आहेत. ती खाल्ली की मुलांचीही गुणसूत्रं दुप्पट होतात आणि पुढे कॅन्सर होतो,’ असा एक संदेश फिरतोय. तो वाचून माझ्या बहिणीने लेकीला बेरी देणंच बंद केलं. आता गप्प बसवत नाही.

आधी मुलांचा मुद्दा, कारण भीती तिथेच घातली आहे. आपण खातो त्या जवळपास प्रत्येक पदार्थात डीएनए असतो. स्वादुपिंडातून येणारी विकरं त्याचे बारीक तुकडे करतात. अख्खं गुणसूत्र आतड्यातून उचलून आपल्या पेशीत नेऊन बसवणारी यंत्रणा शरीरात नाहीच. गव्हात गुणसूत्रांचे सहा संच असतात, एकूण 42. बटाट्यात चार संच, एकूण 48. माणूस पिढ्यानपिढ्या दोन्ही खातोय आणि त्याची गुणसूत्रं 46 ची 46च आहेत. संच दुप्पट झाले की कॅन्सर, हेही खोटं. निरोगी माणसाच्या यकृतातही दुप्पट संच असलेल्या पेशी असतात.

दुसरं, स्ट्रॉबेरी कोल्चिसिनने घडवली म्हणे! 1714 मध्ये फ्रेझिए या फ्रेंच अधिकाऱ्याने चिलीतून मोठ्या फळाची रोपं फ्रान्सला आणली. तिथल्या बागांत उत्तर अमेरिकेतली जात आधीपासून होती. दोघींचा संकर झाला आणि तो संकर असल्याचं द्युशेन या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने 1766 मध्येच लिहून ठेवलं. दोन्ही जंगली जातींत मुळातच आठ संच, म्हणजे 56 गुणसूत्रं. कोल्चिसिनने गुणसूत्रं दुप्पट करता येतात हे वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखवलं 1937 मध्ये, म्हणजे 171 वर्षांनी. मग हे विष घातलं कुणी?

संच वाढले की फळ मोठंच होतं, हेही खरं नाही. पुष्कळदा पानं जाड होतात, वाढ मंदावते, फळधारणा घटते.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. कोल्चिसिन विषारी आहे आणि बेरीच्या पैदाशीत ते वापरतातही. मोजक्या मात्रेत तेच गाऊट या सांधेदुखीच्या आजारावरचं औषध आहे, हे संदेशात कुठे नाही. ब्लूबेरीच्या दोन संचांच्या जंगली जातीचा चार संचांच्या जातीशी संकर केला, तर बी सहसा धरत नाही. म्हणून आधी जंगली जातीचे संच दुप्पट करतात. ऊतिसंवर्धनातले, म्हणजे प्रयोगशाळेत पोषक माध्यमावर वाढवलेले, कोवळे शेंडे ठरावीक वेळ कोल्चिसिनच्या द्रावणात ठेवायचे, धुवायचे, ताज्या माध्यमावर लावायचे. बरेच मरतात. जगलेल्यांतही काहींत थोड्याच पेशींतले संच दुप्पट होतात आणि बाकीच्या जुन्याच राहतात. पानावरची रंध्रं मोठी दिसणं ही संच दुप्पट झाल्याची खूण, तरी फ्लो सायटोमीटर या पेशी तपासणाऱ्या यंत्रावर डीएनए मोजल्याशिवाय खात्री धरत नाहीत. त्यापुढे संकर आणि निवडीची कित्येक वर्षं. द्रावण लागलं होतं ते या रोपांच्या शेंड्यांना. बाजारात अशा रोपांचं फळ आलंच, तर ते त्यांच्या वंशजांवरचं, आणि त्या झाडांना कोल्चिसिनचा थेंबही लागलेला नसतो.