मुखपृष्ठ वेगळं म्हणजे प्रत नकली नव्हे

सीताबर्डीत घेतलेल्या ‘सँडमॅन’ या इंग्रजी कॉमिक्स मालिकेच्या खंडाचं (अनेक अंक एकत्र केलेल्या पुस्तकाचं) मुखपृष्ठ मूळ अंकांशी जुळत नाही, म्हणजे तो नकली, असं मी रविवारी लिहिलं होतं. ते चूक होतं, आणि आता नागपूरच्या वाचक-ग्रुपांवर तेच फिरतंय.

१९८९ ते १९९६ मधल्या ७५ अंकांची मुखपृष्ठं चित्रकार डेव्ह मॅककीन यांची. संग्रहित खंडांसाठीही त्यांनीच वेगळी केली. साहजिक आहे. अंकाचं चित्र एका भागापुरतं असतं, खंडाच्या चित्राला अख्खी कथा पेलावी लागते. नव्या आवृत्तीत तेही बदलू शकतं.

आतल्या पानावरची आवृत्तीची नोंद आणि आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) मी काल तपासले, दोन्ही जुळले. दुकानदारकाकांची माफी मागितली. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा टाका.