‘डेटा आला की पाणी वाचेल’: खानदेशातून उत्तर

केळी उत्पादकांमध्ये सध्या एक संदेश फिरतोय. म्हणणं असं: शेतात सेन्सर लावा, उपग्रह आणि एआय वापरा, पाणी आपोआप वाचेल. डेटा निष्पक्ष असतो, त्यात मूल्यं आणू नका. डिजिटल म्हणजे पर्यावरणपूरकच.

‘पाणी आपोआप वाचेल.’ जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलला हा अनुभव येऊन गेलाय. ठिबक आलं आणि केळीच्या एका झाडाला लागणारं पाणी खरोखर कमी झालं. तरी हे दोन्ही तालुके भूजलाच्या सरकारी मूल्यांकनात अतिशोषित ठरले, म्हणजे जमिनीत मुरतं त्याहून जास्त पाणी उपसलं जातं. वाचलेलं पाणी विहिरीत राहिलंच नाही, त्यावर आणखी दोन एकर बाग उभी राहिली आणि बोअर अजून खोल गेली. कोळसा काटकसरीने जाळणारी यंत्रं आली की कोळशाचा एकूण खप वाढतो, हे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जेव्हन्स यांनी 1865 मध्येच मांडलं होतं. वाचलेलं पाणी जमिनीत ठेवायचं असं आधी ठरलं नसेल, तर सेन्सरमुळे उपसा फक्त जास्त नेमका होईल.

‘डेटा निष्पक्ष असतो.’ सेंटिनेल-2 उपग्रहाच्या चित्रातला सर्वांत बारीक ठिपका 10 मीटर बाय 10 मीटरचा. रावेरच्या सलग केळीत तो छान काम करतो. सातपुड्यातल्या धडगावच्या उतारावर त्याच ठिपक्यात मका, ज्वारी आणि तूर एकत्र उभी असते, वर पावसाळ्याचे ढग. म्हणजे ज्याचं शेत मोठं आणि एकपिकी, त्याचंच चित्र स्वच्छ. हवामानावर आधारित फळपीक विम्याचंही तसंच. भरपाई मिळणार की नाही, हे तुमच्या बागेतल्या थंडीवर ठरत नाही. महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर तापमान ठरलेल्या उंबरठ्याच्या खाली गेलं का, एवढंच बघतात. तो उंबरठा माणसांनी बैठकीत ठरवलेला असतो.

‘मूल्यं आणू नका.’ याचं मला सर्वांत वाईट वाटतं, कारण हे धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठच्या फड पद्धतीच्या, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटायच्या जुन्या रीतीच्या मुलखात बोललं जातंय. बंधाऱ्याखालच्या शिवाराचे तीन-चार भाग, म्हणजे फड, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि बहुतेकांची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडात. पाणी द्यायचं काम गावाने नेमलेल्या पाटकऱ्याचं. नदीची धार आटली की एखादा फड सगळ्यांचाच कोरडा ठेवायचा. पाटकरी धार बघायचा, तोही डेटाच होता. पण टंचाई कोणी सोसायची हा नियम गावाने केलेला होता आणि गावाला माहीत होता. आजच्या अ‍ॅपमध्येही असा नियम असतोच: उत्पन्न वाढवायचं की शेजारच्या विहिरीची पातळी राखायची? तो कुठल्यातरी कार्यालयात बसून कोणीतरी लिहिलेला असतो. आपल्याला दिसतो तो फक्त ‘आज मोटार चालू करा’ हा मेसेज.

‘डिजिटल म्हणजे पर्यावरणपूरक.’ 2024 मध्ये जगातल्या विजेपैकी सुमारे दीड टक्का डेटा सेंटरनी वापरली, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. वीज कशी बनते ते भुसावळकरांना सांगायला नको. तिथल्या दीपनगरच्या वीज केंद्रात कोळसा जळतो आणि पाणी तापीचं लागतं.

सेन्सर मलाही हवाय. पण तो बसवण्याआधी ग्रामसभेत दोन गोष्टी ठरू द्या: शिवारातल्या सगळ्या बोअरचा उपसा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दर आठवड्याला लिहायचा, आणि पातळी किती खाली गेली की नवी केळी लावायची नाही.