बार्बरा वॉल्टर्स आणि चौथा प्रश्न

अमेरिकन टीव्ही पत्रकार बार्बरा वॉल्टर्स यांचं नाव निघालं की लोक आधी पगाराचा आकडा सांगतात. १९७६ साली एबीसी या टीव्ही नेटवर्कने त्यांना वर्षाला दहा लाख डॉलर देऊन एनबीसी या प्रतिस्पर्धी नेटवर्ककडून खेचून आणलं. अमेरिकेतल्या बड्या नेटवर्कच्या संध्याकाळच्या बातम्यांची सहसूत्रसंचालक झालेली पहिली स्त्री ती हीच. पण माझ्या मते बाईंची खरी लढाई त्याच्या आधीच झाली होती.

एनबीसीच्या 'टुडे' या सकाळच्या कार्यक्रमात त्या १९६१ साली लेखनासाठी आल्या. बाईने फॅशन, घरसंसार असले विषय बघावेत, राजकारण पुरुषांनी, अशी तेव्हाची सरळ वाटणी. १९७१ साली फ्रँक मॅगी सूत्रसंचालक झाले आणि त्यांनी अटच घातली: स्टुडिओत बडा पाहुणा आला तर पहिले तीन प्रश्न मी विचारणार. बाईंची पाळी चौथ्या प्रश्नापासून. वरिष्ठांनी हे मान्य केलं! हे वाचलं तेव्हा मला मनापासून संताप आला होता.

बाईंनी काय केलं? नियम स्टुडिओपुरता होता, म्हणून त्या स्टुडिओबाहेर पडल्या. स्वतः पत्रं लिहायची, फोन करायचे, माणूस हो म्हणेपर्यंत पिच्छा सोडायचा नाही. मुलाखत स्वतः मिळवली की पहिला प्रश्नही आपलाच. १९७४ साली मॅगी वारले, आणि करारातल्या एका कलमामुळे 'टुडे'च्या सहसूत्रसंचालक हे पद अखेर त्यांना मिळालं.

एबीसीत वेगळाच छळ. शेजारी बसणारे हॅरी रीझनर यांना त्या नको होत्या आणि ते पडद्यावरही लपत नसे. दहा लाखांवरून वर्तमानपत्रांनी झोडपलं. त्यातले निम्मे पैसे मनोरंजन विभागाचे होते, वर्षाला चार खास मुलाखतींच्या कार्यक्रमांसाठी, हे कोण लक्षात घेतो? बातम्यांची ती खुर्ची १९७८ मध्ये गेली.

मुलाखत मात्र त्यांच्या हातून कोणी काढून घेऊ शकलं नाही. नोव्हेंबर १९७७ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष सादात जेरुसलेमला गेले, तेव्हा सादात आणि इस्रायलचे पंतप्रधान बेगिन यांना एकत्र बसवून पहिली मुलाखत घेतली ती बाईंनी. त्याच वर्षी क्युबात जाऊन कॅस्ट्रोंना गाठलं. प्रश्न कार्डांवर लिहायचे, पुन्हा पुन्हा खोडायचे, क्रम बदलायचा, ही त्यांची रीत. 'पाहुण्यांना रडवणारी बाई' म्हणून त्यांना हिणवणाऱ्यांना हा अभ्यास दिसत नाही.

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. अमेरिकेने इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याच्या प्रकरणातल्या एका दलालाचा निरोप त्यांनी थेट अध्यक्ष रेगन यांच्यापर्यंत पोचवला. पत्रकाराने हे करायचं नसतं. २०११ साली सीरियाचे तेव्हाचे अध्यक्ष असद यांना दडपशाहीबद्दल त्यांनी रोखठोक विचारलं, पण नंतर असद यांच्याच एका सहायिकेसाठी शब्द टाकायला गेल्या. ते उघड झाल्यावर त्यांनी खेद व्यक्त केला.

मला जास्त खुपते ती १९९९ ची मोनिका लुइन्स्की यांची मुलाखत. अध्यक्ष क्लिंटन यांच्याशी असलेल्या संबंधांमुळे गाजलेल्या त्या याच. सुमारे ५ कोटी लोकांनी पाहिली. शेवटी बाईंनी विचारलं, उद्या मुलं झाली तर त्यांना काय सांगशील? मोनिका म्हणाल्या, आईची मोठी चूक झाली. तिथे थांबायचं ना! पण बाई कॅमेऱ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या की वर्षभरात याहून सौम्य विधान झालं नसेल. इतक्या ताकदीच्या प्रश्नानंतर त्या शेऱ्याची गरज नव्हती. समोरची मुलगी विशीतली होती, आणि त्या प्रकरणातला दुसरा माणूस अमेरिकेचा अध्यक्ष होता.