साल कुणाची, हंगाम कोणता?

हस्तकलेचा विषय निघाला की महाराष्ट्रातली चर्चा प्रशिक्षण, प्रदर्शन आणि बाजारपेठेभोवती फिरते. उत्तर फिनलंडमध्ये, म्हणजे लॅपलँडमध्ये, गावकऱ्यांना सोबत घेऊन केलेल्या सामूहिक कलाकामाची सुरुवात झाडापासून होते. रोव्हानिएमीच्या लॅपलँड विद्यापीठानं ही वाट बरीच रुळवली आहे.

तिथल्या बर्च या पांढऱ्या सालीच्या झाडाचंच घ्या. त्याची साल जूनच्या मध्यापासून जेमतेम महिनाभर सहज सुटते. एरवी ती ओढली तर फाटते. सुरी फक्त वरच्या पांढऱ्या थरातून फिरवायची. आतली ओलसर साल खोडाभोवती पूर्ण कापली गेली तर झाड मरतं. वरचाच थर काढला तर झाड जगतं, पण तिथे काळपट, खरखरीत साल येते आणि लाकडाचा भाव पडतो. म्हणून तोडायला काढलेल्या झाडांची साल घेणं उत्तम. खोडाभोवती तिरकं कापत गेलं की लांब पट्टी मिळते. सालीवरच्या आडव्या गडद रेघा जाड असतील, तर पट्टी दुमडताना तिथेच तडकते. सुटलेली साल पांढरी बाजू आत घेऊन गुंडाळते, त्यामुळे मोठे तुकडे वजनाखाली सपाट ठेवतात. पट्ट्यांची रुंदी सारखी हवी, साधारण 2-3 सें.मी.; नाहीतर त्यांच्या विणलेल्या टोपलीचे कोपरे बसत नाहीत.

फिनलंडमध्ये कुणीही कुणाच्याही जंगलात बेरी, अळंबी वेचू शकतो, याचं आपल्याकडे कौतुक होतं. पण साल, फांद्या, शेवाळ, दगडफूल यांना मालकाची परवानगी लागते. तिथल्या मूळनिवासी सामी लोकांच्या जमिनीच्या हक्कांचा प्रश्न तर अजूनही सुटलेला नाही. इथे गडचिरोली पुढे आहे, हे ठामपणे सांगायला हवं. 2006च्या वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनोपज (लाकडाखेरीजचं, गावाचा हक्क असलेलं जंगलउत्पन्न) ठरला आणि 2011मध्ये तिथल्या मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेला बांबूच्या वाहतुकीचे पास स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. लॅपलँडच्या कलाकारांकडे असा सामूहिक हक्क नाही.

हंगामाच्या बाबतीत मात्र आपण ढिले आहोत. आपल्याकडे बांबूकामाच्या प्रशिक्षण वर्गाची तारीख निधीवर ठरते. अवेळी तोडलेल्या बांबूत पिष्ट जास्त असतं. त्याला भुंगेरे लागतात, टोपलीतून पीठ गळू लागतं आणि गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. तीन वर्षांपुढचा बांबू, जमिनीलगतच्या पहिल्या-दुसऱ्या पेराच्या वर कापून, हिवाळ्यात आणावा. हे बुरुडांना ठाऊकच आहे. वर्गाची तारीख त्यांना विचारून ठरवावी, आणि वर्गाचा पहिला दिवस बांबूच्या बेटात घ्यावा.