पैशातल्या फसवणुकीचं काय?
नवरा-बायकोतला तुटलेला विश्वास परत कसा मिळवायचा यावरचा लेख वाचला, त्यात सगळं अफेअरबद्दलच आहे, पण बायकोपासून लपवून काढलेलं कर्ज हाही विश्वासघातच ना? माझ्या मावसबहिणीच्या नवऱ्याने ऑनलाइन रमीपायी ॲपवरून लोन घेतलेलं, वसुलीवाल्यांचे फोन यायला लागले तेव्हा हिला कळलं. सासूबाई म्हणे झालं गेलं विसर (त्यांचं काय जातंय म्हणायला!), पण खरा फरक पडला तो नवरा स्वतःहून क्रेडिट रिपोर्ट (आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद) काढून दाखवायला लागल्यावर, आरबीआयच्या नियमाने सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो, म्हणजे दर तीन महिन्यांनी एकेकाचा बघता येतो. फोनचे पासवर्ड मागून नुसती पोलीसगिरी होते. फक्त मित्रांकडून किंवा खासगी सावकाराकडून घेतलेले पैसे रिपोर्टमध्ये दिसत नाहीत, ते त्यालाच सांगावं लागतं.